पाऱ्याच्या नळीतला फ्रँक-हर्ट्झ प्रयोग: भट्टी चालू करण्यापासून जर्नलमधल्या आकड्यापर्यंत

फ्रँक-हर्ट्झ प्रयोगात इलेक्ट्रॉनांच्या टकरींवरून पाऱ्याच्या अणूची ऊर्जा-पातळी मोजतात. मुंबईतल्या कॉलेजांत त्याच्या बहुतेक जर्नलांत (प्रात्यक्षिकाच्या वह्यांत) उत्तर ४.९ व्होल्ट असते. त्यामागची कच्ची रीडिंग मागून पाहिली की पुष्कळदा लक्षात येते, उत्तर आधी ठरले होते आणि रीडिंग नंतर त्याच्याकडे चालत गेली. आलेख काढण्यात मुलांची फारशी चूक होत नाही. बिघाड होतो तो त्याआधी, भट्टी अर्धवट तापलेली असताना घाईने व्होल्टेज चढवण्यात, आणि त्यानंतर, सरासरी काढण्यात. म्हणून इथे तयारीवर आणि क्रमावर जास्त वेळ घालवला आहे.

लेख पाऱ्याच्या, भट्टीत ठेवायच्या नळीसाठी आहे. पाऱ्यासोबत आरगॉन असेल तर काय बदलते, ते नवव्या टप्प्यात येईल.

## सुरुवातीपूर्वी: नक्की काय मोजायचे आहे

तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या वाफेतून ग्रिडकडे (तारेच्या जाळीकडे) खेचले जातात. वाटेत वाफेतल्या अणूंशी त्यांच्या असंख्य टकरी होतात, पण ऊर्जा कमी असेपर्यंत त्या लवचीक असतात. पाऱ्याचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा इतका जड आहे की अशा एका टकरीत इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा सरासरी साधारण २ लाखांतला एक हिस्सा गमावतो. ऊर्जा अणूच्या पहिल्या उत्तेजित पातळीइतकी झाली की मात्र एकाच टकरीत ती जवळजवळ सगळी जाते. असा रिकामा झालेला इलेक्ट्रॉन ग्रिडपलीकडचे रिटार्डिंग (म्हणजे उलट दिशेने अडवणारे) व्होल्टेज चढू शकत नाही, कलेक्टरपर्यंत (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पट्टीपर्यंत) पोचत नाही, आणि प्रवाह खाली येतो. व्होल्टेज आणखी वाढवले की इलेक्ट्रॉन पुन्हा ऊर्जा कमावतो आणि तेच दुसऱ्यांदा घडते. प्रवाह-व्होल्टेज आलेखावरच्या लाटा त्या याच.

पाऱ्याच्या या भागातल्या चार पातळ्या समोर लिहून ठेवा: ४.६७, ४.८९, ५.४६ आणि ६.७० इलेक्ट्रॉनव्होल्ट (एक व्होल्ट पार करताना इलेक्ट्रॉन कमावतो ती ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट). आयनीभवनाला, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढून टाकायला, १०.४४ लागतात. ४.८९ ची पातळी २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देऊन रिकामी होते. ४.६७ ची तशी सहज रिकामी होत नाही, ती दीर्घजीवी आहे. यादीत ४.९ च्या खालीही एक पातळी आहे, हे विसरू नका. आठव्या टप्प्यात तिच्याशी गाठ आहे.

## टप्पा १: नळी ओळखा

आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळांत नुसत्या आरगॉनची नळी असते. तिला भट्टी लागत नाही, व्होल्टेज ८० च्या आसपास न्यावे लागते आणि लाटांमधले अंतर ११.५ ते १२ व्होल्टच्या दरम्यान येते. पाऱ्याच्या नळीला भट्टी लागते, व्होल्टेज ३० च्या आत ठेवायचे असते आणि अंतर ५ च्या जरा खाली येते. एका नळीची सूचनापत्रिका दुसऱ्या नळीला लावणे ही पहिली चूक. ती पाऱ्याच्या नळीच्या बाबतीत महागात पडते, कारण ८० व्होल्ट दिले की आत विद्युत-विसर्ग पेटतो, म्हणजे वाफेतून प्रवाह बेलगाम वाहू लागतो.

नळीसोबत आलेल्या कागदावरून पाच गोष्टी जर्नलच्या पहिल्या पानावर उतरवा: फिलामेंटचे (कॅथोड तापवणाऱ्या तारेचे) व्होल्टेज, कमाल तापमान, वेग देणाऱ्या व्होल्टेजची कमाल मर्यादा, पहिल्या ग्रिडचे आणि रिटार्डिंग व्होल्टेजचे सुचवलेले आकडे. कागद हरवला असेल तर प्रयोगशाळेतल्या साहाय्यकांना विचारा. तीच मांडणी वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या माणसाला त्या नळीचे नखरे पाठ असतात.

तपासा: नळी हातात न घेता, भट्टीच्या खिडकीतून बघता येईल तर बघा. पाऱ्याचे बारीक थेंब काचेवर असायला हरकत नाही. दोन इलेक्ट्रोडांना जोडणारा थेंब दिसला तर तापमान पुरेसे चढेपर्यंत कोणतेही व्होल्टेज देऊ नका.

## टप्पा २: जोडणी, आणि तिच्यातली एक नाजूक तार

चार इलेक्ट्रोड असलेल्या नळीत क्रम असा: कॅथोड, पहिला ग्रिड, दुसरा ग्रिड, कलेक्टर. पहिला ग्रिड कॅथोडजवळ साचलेले इलेक्ट्रॉन पुढे ओढतो. त्याला एक-दोन व्होल्ट पुरतात. दुसऱ्या ग्रिडवर शून्यापासून ३० पर्यंत चढते व्होल्टेज. दुसरा ग्रिड आणि कलेक्टर यांच्यामध्ये उलट दिशेने दीड व्होल्टच्या आसपास.

या सगळ्यांत जपायची तार एकच, कलेक्टरपासून प्रवर्धकापर्यंतची (अँप्लिफायरपर्यंतची). तिच्यातून वाहतो काही नॅनोअँपिअर प्रवाह. तिला शिल्ड असलेली केबल आणि बीएनसी कनेक्टरच हवा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घ्यायला गेलात तर केबल भट्टीजवळून जाणार आहे हे दुकानदाराला सांगा, साधे प्लॅस्टिकचे आवरण तिथे मऊ पडते. केबल लहान ठेवा, टेबलाला चिकटवून ठेवा. रीडिंग घेताना ती हलली तरी मीटरचा काटा नाचतो.

अर्थिंग एकाच बिंदूवर करा. जुन्या इमारतींतल्या प्रयोगशाळांत तीन पिनांच्या सॉकेटातली तिसरी पिन कधी कधी नावापुरतीच असते. टेस्टरने खात्री करा. भट्टीचे आवरण अर्थ केलेले नसेल तर ५० हर्ट्झची घरघर थेट तुमच्या आलेखावर उमटते.

व्होल्टमीटर कोणत्या दोन बिंदूंमध्ये लावला आहे हे आकृतीवर लिहा. काही मांडण्यांत तो कॅथोड ते दुसरा ग्रिड मोजतो, काहींत पहिला ग्रिड ते दुसरा ग्रिड. लाटांमधल्या अंतरात या फरकाने काही बदलत नाही. लाटांना क्रमांक देताना मात्र तो अडवतो.

## टप्पा ३: आधी भट्टी

सगळी व्होल्टेजची बटणे शून्यावर, फिलामेंट बंद, आणि फक्त भट्टी चालू. खोलीच्या तापमानाला पाऱ्याच्या वाफेचा दाब अर्ध्या पास्कलच्याही आसपास पोचत नाही, जेमतेम काही दशांश पास्कल असतो. इतक्या विरळ वाफेत इलेक्ट्रॉन क्वचितच अणूला धडकतो, धडकेपर्यंत बरीच ऊर्जा कमावतो, आणि आयनीभवन सुरू होते. शिवाय थंड नळीत पारा इलेक्ट्रोडांवरच साचलेला असू शकतो. तो आधी उडून जायला हवा.

दाब तापमानासोबत कसा चढतो ते पाहा: १०० °से ला साधारण ३६ पास्कल, १५० ला ३७०, १८० ला ११७० आणि २०० ला २३०० च्या आसपास. १८० च्या जवळपास प्रत्येक अंशाला दाब साडेतीन टक्क्यांनी वाढतो. म्हणजे भट्टी तीन अंशांनी सरकली तर वाफेची घनता दहाएक टक्क्यांनी बदलली. पहिली लाट १७६ ला आणि पाचवी १८१ ला मोजली असेल, तर तो आलेख दोन वेगळ्या प्रयोगांचा आहे.

थर्मामीटरचा फुगा किंवा थर्मोकपलचे टोक नळीच्या मध्याजवळ असू द्या, भट्टीच्या भिंतीला टेकलेले नको. आणि ही गोष्ट पुस्तकात सहसा ठळक नसते: वाफेचा दाब ठरतो नळीच्या सर्वांत थंड भागावरून. द्रवरूप पारा शेवटी तिथेच जमतो. नळीचा बूड भट्टीच्या दारापाशी असेल आणि वर पंखा जोरात फिरत असेल, तर थर्मामीटर १८० दाखवत असताना दाब १६५ चा असू शकतो. एप्रिल-मे महिन्यात मुंबईत पंखा बंद करा म्हणणे जिवावर येते, पण निदान त्या टेबलावरचा तरी बंद करा.

भट्टी इच्छित तापमानाला पोचली म्हणजे काम झाले असे नाही. त्यानंतर किमान १५ मिनिटे थांबा. काच, इलेक्ट्रोड आणि आतला पारा मागाहून तापतात. पहिल्यांदा करत असाल तर १७० ते १८० °से निवडा.

इशारा: कागदावर दिलेले कमाल तापमान ओलांडू नका. भट्टीचे दार वा आवरण गरम असताना उघडू नका. तापलेल्या काचेवर अचानक गार हवा आली तर ती तडकू शकते, आणि आतली पाऱ्याची वाफ खोलीत येते.

## टप्पा ४: गळतीची चाचणी

ही पायरी जवळजवळ कोणी करत नाही, आणि मुंबईत तीच सर्वांत गरजेची आहे. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की सॉकेट, कनेक्टर आणि स्विचच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो. त्यावर धूळ असेल तर तो थर वीज वाहतो. हिशोब सोपा आहे: इन्सुलेशनचा रोध १०० कोटी ओहमपर्यंत घसरला, तर १० व्होल्टला त्यातून १० नॅनोअँपिअर वाहतील. तुमचा खरा सिग्नलही तेवढाच आहे.

भट्टी तापलेली, फिलामेंट बंद. आता दुसऱ्या ग्रिडचे व्होल्टेज शून्यापासून ३० पर्यंत पाच-पाचच्या पायऱ्यांनी न्या आणि कलेक्टरचा प्रवाह टिपा. कॅथोड थंड आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन नाहीत. जो प्रवाह दिसेल ती गळती. ती सहसा सरळ रेषेत चढते.

गळती अपेक्षित सिग्नलच्या एक-दोन टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला. जास्त असेल तर मांडणी बंद करा, गार होऊ द्या, कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, सिलिका जेलच्या पुड्या प्रवर्धकाच्या डब्यात ठेवा. तरीही थोडी उरलीच तर ते आकडे जपून ठेवा, नंतर वजा करता येतील. फुंकर मारून धूळ उडवू नका, श्वासातला ओलावा तिथेच बसतो.

## टप्पा ५: फिलामेंट, आणि एक घाईची चाल

व्होल्टेज पुन्हा शून्यावर आणा. फिलामेंट चालू करून दोन मिनिटे थांबा. मग पहिल्या ग्रिडला दीड व्होल्ट आणि रिटार्डिंगलाही दीड व्होल्ट द्या.

आता दुसऱ्या ग्रिडचे व्होल्टेज हळूहळू ३० पर्यंत न्या. आकडे टिपू नका, फक्त काटा बघा. तो चढावा, घसरावा, पुन्हा आधीपेक्षा वर चढावा, पुन्हा घसरावा. चार-पाच वेळा हे दिसले की मांडणी जिवंत आहे. ऑसिलोस्कोप असेल तर ही चाल त्याच्यावर करा, एका नजरेत सगळा आकार दिसतो.

इशारा: प्रवाह एकदम उसळला आणि खिडकीतून निळसर-हिरवा उजेड दिसला, तर दुसऱ्या ग्रिडचे व्होल्टेज तत्काळ शून्यावर आणा. हा विसर्ग आहे. पाऱ्याच्या नळीत प्रयोग नीट चालू असताना डोळ्याला उजेड दिसण्याची अपेक्षा नसते: २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश अतिनील आहे आणि साधी काच तो अडवते. निऑनच्या नळीतले नारिंगी पट्टे व्हिडिओत पाहून पाऱ्यातही तेच शोधत बसणारे दर वर्षी भेटतात.

## टप्पा ६: चार बटणांची जुळवणी

तापमान, फिलामेंट, पहिला ग्रिड, रिटार्डिंग. एका वेळी एकच बदला. दोन एकदम फिरवली की कशाने काय झाले ते समजत नाही आणि उरलेला तास त्यातच जातो.

विसर्ग पेटत असेल तर वाफ विरळ आहे किंवा फिलामेंट जास्त तापले आहे. आधी फिलामेंट कमी करा. तेवढ्याने भागले नाही तर तापमान पाच अंशांनी वाढवा आणि पुन्हा थांबा.

सुरुवातीच्या लाटा दिसतच नाहीत, फक्त शेवटच्या दिसतात, असे असेल तर वाफ दाट आहे. पाच-दहा अंश खाली या. उलट पहिल्या दोन-तीन सुरेख आणि पुढे प्रवाह सैरभैर होत असेल तर तापमान वाढवा. सगळ्याच लाटा सारख्या सुबक येतील असे तापमान शोधण्यात वेळ घालवू नका, ते सहसा सापडत नाही. पाच मोजण्याजोग्या दऱ्या (लाटांमधले खोलगट भाग) मिळाल्या की पुरे.

लाटांची शिखरे सपाट कापल्यासारखी दिसतात? प्रवर्धक संपृक्त झाला आहे, त्याची रेंज बदला. तळ सपाट होऊन शून्याला चिकटतात? रिटार्डिंग व्होल्टेज जास्त झाले आहे. दऱ्या उथळ आहेत आणि पायाच वर चढत चालला आहे? रिटार्डिंग अर्ध्या व्होल्टने वाढवून बघा.

पहिल्या ग्रिडचे व्होल्टेज वाढवले की प्रवाह आधी वाढतो आणि एका मर्यादेनंतर लाटा पुसट होऊ लागतात. ती मर्यादा यायच्या आधी थांबा.

तपासा: जुळवणी झाल्यावर चारही आकडे लिहून काढा आणि बटणांना पुन्हा हात लावू नका. रीडिंगच्या मध्ये रेंज बदलावी लागली तर तो बिंदू दोन्ही रेंजवर मोजा.

## टप्पा ७: खरी रीडिंग

शून्यापासून ०.२ व्होल्टच्या पायऱ्यांनी वर जा. शिखर किंवा दरी जवळ आली की ०.१ करा. प्रत्येक पायरीला काटा स्थिरावू द्या. जोडीने काम करत असाल तर एकाने व्होल्टेज लावावे आणि वाचावे, दुसऱ्याने लिहावे, आणि दर दहा रीडिंगनंतर तापमानही टिपावे. हा तापमानाचा रकाना बहुतेक जर्नलांत नसतोच.

भट्टीचा थर्मोस्टॅट साध्या द्विधातूचा असेल तर तापमान काही अंश वरखाली झुलते. मीटरवर ते दिसते, पण तुमचे लक्ष प्रवाहाकडे असते. झोका दोन अंशांपेक्षा मोठा असेल तर एका झोक्याच्या उतारावर मोजत राहण्यापेक्षा जरा थांबून तापमान ठरावीक पट्ट्यात आल्यावरच रीडिंग घ्या. वेळ जास्त लागतो. त्याला इलाज नाही.

३० पर्यंत पोचलात की तसेच उलट खाली या, निदान दऱ्यांच्या आसपास तरी. चढताना आणि उतरताना दऱ्या एकाच जागी पडल्या तर छान. सरकल्या असतील तर तापमान घसरते आहे किंवा तुम्ही काटा स्थिर होण्याआधी वाचता आहात. हे ताडण्यासाठी सावकाश पुन्हा एक दरी मोजा. दोन्ही चाली जवळ आल्या तर दोष घाईचा होता.

रीडिंग कमी पडली म्हणून मधली ‘अंदाजे’ भरू नका. एक्स्टर्नल परीक्षक आकड्यांकडे बघून ते ओळखतात, कारण खऱ्या आकड्यांत थोडा गोंधळ असतो आणि बनवलेल्यांत नसतो.

## टप्पा ८: आलेखातून आकडा

पहिल्या दरीची जागा हे उत्तर नव्हे. कॅथोड आणि ग्रिड वेगवेगळ्या पदार्थांचे असतात, त्यांच्यात संपर्क विभव असतो, आणि तो सगळा आलेख एक-दोन व्होल्टने बाजूला ढकलतो. म्हणून पहिले शिखर ४.९ ऐवजी सातच्या जवळपास आले तर घाबरू नका. उपयोग अंतरांचा करायचा आहे, त्यात हा सरकाव वजा होऊन जातो.

शिखरे घ्या किंवा दऱ्या घ्या, दोन्हींची सरमिसळ नको. प्रवाहाचा पाया चढता असल्यामुळे शिखरे थोडी उजवीकडे आणि दऱ्या थोड्या डावीकडे सरकलेल्या असतात. मी दऱ्या घ्यायला सांगेन. दरीचा तळ डोळ्यांनी ठरवू नका. तळाच्या दोन्ही बाजूंचे मिळून सहा-सात बिंदू घेऊन त्यांतून परवलय बसवा. ग्राफ पेपरवरच काम असेल तर दरीत वेगवेगळ्या उंचीवर आडव्या रेषा मारा, त्यांचे मध्यबिंदू जोडा आणि ती रेषा तळाला कुठे मिळते ते पाहा.

आता सरासरीचा सापळा. समजा पाच दऱ्या आहेत. लगतची चार अंतरे काढून त्यांची सरासरी घेतली की मधले सगळे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते फक्त पाचवी दरी वजा पहिली दरी, भागिले चार. तीन दऱ्या उगाच मोजल्या. त्याऐवजी दरीचा क्रमांक आडव्या अक्षावर, तिचे व्होल्टेज उभ्या अक्षावर घेऊन सर्व बिंदूंतून सरळ रेषा बसवा. तिचा चढ म्हणजे सरासरी अंतर.

पदवीच्या जर्नलला इतके पुरते. पण काळजीने मोजले असेल तर आणखी एक गोष्ट दिसेल: अंतरे सारखी नसतात, क्रमांकागणिक थोडी वाढत जातात. मोजण्यातली चूक समजून मुले ही वाढ पुसून टाकतात. ती खरी आहे. इलेक्ट्रॉनने सर्वांत खालच्या पातळीइतकी ऊर्जा कमावली तरी लगेच अणू भेटतोच असे नाही. भेटेपर्यंत तो थोडा पुढे जातो आणि तेवढ्या वाटेत जास्तीची ऊर्जा मिळवतो. व्होल्टेज जितके मोठे तितकी ही जास्तीची मिळकत मोठी.

साध्या प्रतिमानात हे असे लिहितात (मुक्तपथ म्हणजे इलेक्ट्रॉन अशा टकरीआधी सरासरी जेवढा पुढे जातो ते अंतर): क्रमांक ‘न’ च्या दरीचे आधीच्या दरीपासूनचे अंतर = पातळीची ऊर्जा × [१ + (मुक्तपथ ÷ कॅथोड-ग्रिड अंतर) × (२न − १)]. म्हणून अंतरे क्रमांकासमोर मांडून रेषा ‘न = अर्धा’ पर्यंत मागे न्या. तिथे कंसातला जास्तीचा भाग शून्य होतो आणि उरते ती पातळीची ऊर्जा.

निव्वळ उदाहरणासाठी आकडे घेऊ. समजा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दरीची आधीच्या दरीपासूनची अंतरे ४.७६, ४.८२, ४.८८, ४.९४ व्होल्ट आली. सरासरी ४.८५, आणि बहुतेक जण इथे ‘४.९ च्या जवळ’ लिहून मोकळे होतात. रेषेचा चढ दर क्रमांकाला ०.०६ आहे. दोनपासून अर्ध्यापर्यंत दीड पावले मागे गेले की ४.७६ वजा ०.०९, म्हणजे ४.६७. सर्वांत खालच्या, दीर्घजीवी पातळीचा आकडा. चढावरून मुक्तपथही निघतो: ०.०६ भागिले (२ × ४.६७) म्हणजे ०.००६४. कॅथोड-ग्रिड अंतर ८ मिलिमीटर धरले तर मुक्तपथ साधारण ०.०५ मिलिमीटर.

तपासा: तापमान वाढवल्यावर हा चढ कमी व्हायला हवा, कारण दाट वाफेत मुक्तपथ लहान होतो. उलटे घडत असेल तर आकडेमोडीत किंवा तापमानात काहीतरी चुकले आहे. पहिली दरी फार पुसट असेल तर क्रमांक एकने चुकतो आणि उत्तर एका चढाइतके सरकते. म्हणून क्रमांक देण्याआधी संपर्क विभवाचा अंदाज घ्या: दरीच्या व्होल्टेजमधून लाटेच्या अंतराच्या पटी वजा करत गेल्यावर एक ते तीन व्होल्ट उरायला हवेत.

## टप्पा ९: पाऱ्यासोबत आरगॉन असेल तर

असे मिश्रण जुन्या, एलईडी नसलेल्या ट्यूबलाइटमध्ये असते. तिथे पाऱ्याचे अणूच २५३.७ चा प्रकाश देतात आणि आतल्या लेपामुळे तो दृश्य होतो. मोजमापाच्या नळीत आरगॉन असला तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

आरगॉनची पहिली उत्तेजित पातळी ११.५५ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे. त्याखालचे इलेक्ट्रॉन त्याच्याशी फक्त लवचीक टकरी घेतात, एका टकरीत सरासरी ३७ हजारांतला एक हिस्सा गमावतात. म्हणून पाऱ्याच्या लाटा नाहीशा होत नाहीत. पण या टकरींची संख्या मोठी असली तर इलेक्ट्रॉनांची वाट नागमोडी होते, ऊर्जा विखुरते आणि दऱ्या रुंद होतात.

दुसरे म्हणजे, ११.५५ ची ती पातळीही दीर्घजीवी आहे, आणि ती पाऱ्याच्या आयनीभवनाच्या १०.४४ पेक्षा वर आहे. असा उत्तेजित आरगॉन अणू पाऱ्याला भेटला की त्याचा इलेक्ट्रॉन काढून टाकतो. परिणामी विसर्ग लवकर पेटतो. मिश्रणाच्या नळीत फिलामेंट नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि व्होल्टेज चढवताना सावध राहा.

तिसरी गोष्ट मोजायची पद्धत सुचवते. सीलबंद नळीत आरगॉनच्या अणूंची संख्या ठरलेली आहे, तापमानाने बदलत नाही. पाऱ्याची बदलते, आणि पुष्कळ बदलते. तेव्हा इतर बटणांना हात न लावता १५०, १६५ आणि १८० °से ला तीन आलेख घ्या. १५० ते १८० मध्ये पाऱ्याचा दाब तिपटीहून अधिक होतो. आलेखाचे जे वैशिष्ट्य त्यासोबत ठळकपणे बदलते ते पाऱ्याचे समजा. जे जागेवर आणि जवळपास तेवढेच राहते, त्याचा संशय आरगॉनवर किंवा गळतीवर घ्या. गळतीचा हिशोब चौथ्या टप्प्यात झालेलाच आहे.

एकाच तापमानाच्या आलेखावरून मिश्रणातले कोणते वळण कोणाचे हे सांगू नका. व्हायवाला (तोंडी परीक्षेत) कोणी विचारले तर तीन आलेख पुढे ठेवा.

## टप्पा १०: बंद करणे आणि लिहिणे

लोकल गाठायची असते, म्हणून ही पायरी सर्वांत वाईट होते. आधी दुसऱ्या ग्रिडचे व्होल्टेज शून्यावर. मग पहिला ग्रिड आणि रिटार्डिंग शून्यावर. मग फिलामेंट बंद. शेवटी भट्टी, आणि ती आपोआप गार होऊ द्यायची. पंखा लावून गार करू नका. पुढच्या बॅचला भट्टी तापलेली हवी असेल तर तसे फळ्यावर लिहून जा.

नळी फुटलीच तर: सगळ्यांना बाहेर काढा, मुख्य स्विच बंद करा, खिडक्या उघडा, एसी बंद करा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, दोन्हींनी पारा पसरतो. खोली हवेशीर आणि भट्टी गार झाल्यावर, हातमोजे घालून, जाड कागदाच्या कडेने थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरा, फटींत गंधकाची पूड टाका. कचऱ्याच्या डब्यात किंवा सिंकमध्ये काहीही टाकू नका, प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे द्या.

जर्नलमध्ये निष्कर्षाच्या ओळीत फक्त आकडा लिहू नका. तापमान आणि त्याचा झोका, दऱ्या वापरल्या की शिखरे, दऱ्या किती, रेषेच्या चढावरून आलेले सरासरी अंतर व त्यातली अनिश्चितता, आणि मागे नेलेल्या रेषेवरून आलेली ऊर्जा, असे सगळे त्याच ओळीत यायला हवे. दरीचा तळ ०.०५ व्होल्टपर्यंत ठरवता आला असेल, तर एका अंतरात ०.०७ ची अनिश्चितता असते. तिथे ४.८९३ लिहिणे चूक आहे. तुमचे उत्तर ४.८ आले असेल तर ४.८ च लिहा, आणि शेजारी तापमान लिहा.